किल्ली कोणाकडे द्यायची?

सुनंदाताईंनी माझ्या दाराची बेल वाजवली तेव्हा दुपारचे साडेतीन वाजून गेले होते. घाटेअण्णांकडे स्वयंपाक करणाऱ्या या बाई एरवी बेल वाजवून वर हाकही मारतात. त्या दिवशी नुसत्याच उभ्या राहिल्या. "चहा घेऊन गेले, तर उठंनात वो..." एवढंच म्हणाल्या. मी एक मजला उतरून खाली गेलो. अण्णा कुशीवर झोपले होते, चष्मा घडी करून उशाशी ठेवलेला, पांघरूण छातीपर्यंत. समोरच्या गल्लीतले डॉक्टर येऊन गेले आणि मग हिंजवडीला त्यांच्या मुलीला, मेधाला, फोन करण्याचं काम माझ्याकडे आलं. त्रास झाला का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही, जेवून आडवे झाले ते झोपेतच गेले. आणि पुढे माझ्या तोंडून निघून गेलं, "बरं झालं." वडील गेल्याचं कळवतोय आणि वर बरं झालं म्हणतोय... मग ती म्हणाली, "सकाळी मोटर लावली होती त्यांनी?" म्हटलं, "लावली होती. वेळेवर बंदही केली." "मग बरंच झालं, काका," असं म्हणून ती रडायला लागली.

याला आता दीड महिना झाला. मोटर लावण्याचा आणि 'बरं झालं' म्हणण्याचा काय संबंध, ते सांगायला बसलो आहे, कारण त्यात माझी एक मोठी चूक आहे आणि तसली चूक करणारा मी एकटाच असेन असं मला वाटत नाही.

बिबवेवाडीतली आमची इमारत चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली. महापालिकेचं पाणी पहाटे जमिनीखालच्या टाकीत येतं आणि तिथून मोटर लावून ते गच्चीवरच्या टाकीत चढवावं लागतं. आम्ही राहायला आलो त्या वर्षी हे काम कोणी करायचं यावर दोन सभा झाल्या होत्या. तिसऱ्या सभेची वेळ आली नाही, कारण मुकुंदराव घाटे नावाच्या गृहस्थांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, पंपाच्या खोलीचं कुलूप स्वतः आणून लावलं आणि किल्ली खिशात टाकली. एका कारखान्यात फिटर म्हणून लागून ते फोरमन म्हणून निवृत्त झाले होते. रोज साडेपाचला ते दुसऱ्या मजल्यावरून खाली यायचे, खालच्या टाकीचं झाकण उचलून पाणी बघायचे, मोटर लावायचे आणि मग गच्चीपर्यंत चढून टाकीला कान लावायचे. पडणाऱ्या पाण्याच्या आवाजावरून टाकी किती भरली ते त्यांना कळायचं. मग पुन्हा खाली, मोटर बंद, आणि घरी जाऊन चहा. वहिनी गेल्या त्याच्या चौथ्या दिवशीसुद्धा हा क्रम चुकला नव्हता. कोणी आभार मानले तर म्हणायचे, "आभार नकोत, नळ नीट बंद करत जा."

मी आधी एका महाविद्यालयात मुख्य कारकून होतो आणि निवृत्तीनंतर सोसायटीचा चेअरमन झालो, त्यामुळे ठराव मांडण्याची मला हौस. अण्णा एक्क्याऐंशीचे होते. एके सकाळी ते जिन्याच्या वळणावर पायरीवरच बसलेले मला दिसले. पडले नव्हते, दम लागला होता. "काही नाही हो, जरा इंजिन गार करतोय," म्हणाले. मला मात्र धसका बसला. या वयात हा माणूस आपल्यासाठी एवढे जिने चढतो आणि आपण शॉवरखाली गाणी म्हणतो, ही लाजही वाटली. वार्षिक सभेत मी ठराव मांडला: टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारं यंत्र बसवावं आणि अण्णांचा त्यांच्या सेवेबद्दल सत्कार करावा. ठराव टाळ्यांत मंजूर झाला. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या, शाल झाली, श्रीफळ झालं, मी लिहून आणलेलं भाषण वाचलं आणि शेवटी म्हटलं की अण्णांनी आता निवांत विश्रांती घ्यावी, अशी आम्हा सर्वांची प्रेमाची विनंती आहे. उत्तरादाखल दोन शब्द बोला म्हटल्यावर अण्णा उठले, सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "किल्ली कोणाकडे द्यायची?" लोक हसले. मीही हसलो. त्यांनी खिशातून किल्ली काढून नारळाशेजारी तबकात ठेवली.

त्यानंतर जे झालं ते इतकं हळूहळू झालं की रोज बघणाऱ्या मलाही दिसलं नाही. खाली यायचं कारणच उरलं नाही म्हणून अण्णा खाली येईनासे झाले. भाजी घरपोच, दूध दारात, पेपर दारात. महिनाभरानं ते सुनंदाताईंना, भूक नाही, अर्धीच पोळी वाढा, असं सांगायला लागले. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल पडली. दाढी एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा. घरात चालताना भिंतीला हात लागायला लागला. मी गेलो की सोफ्यातून उठताना दोन्ही हात टेकून तीन झोके घ्यायचे. मी म्हणायचो, "बसा हो अण्णा, मी काय पाहुणा आहे?" आणि त्यांना बसवून घरी यायचो, काळजी घेतल्याचं समाधान मानून. सातव्या-आठव्या महिन्यात ते न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही, पण मेधा घाबरली आणि त्यांना हिंजवडीला घेऊन गेली.

तिथे मी महिनाभरानं भेटायला गेलो. सतरावा मजला, दोन लिफ्ट, दिवसभर एक बाई ठेवलेली. मेधा आणि तिचा नवरा दोघंही कंपनीत, पण करण्यात कुठे कसर नव्हती. पाण्याचा पेला हातात, गोळ्या हातात, चप्पलसुद्धा पायात घालून. अण्णा खिडकीशी बसले होते. मला बघून ओळखीचं हसले आणि म्हणाले, "चेअरमन, इथे पाणी किती वाजता येतं, ते चार जणांना विचारलं. कोणालाच माहीत नाही." मी निघालो तेव्हा त्यांनी उठायचा प्रयत्न केला. अण्णांकडे आलेला माणूस त्यांनी दारापर्यंत पोचवल्याशिवाय कधी गेला नव्हता. हात टेकून एकदा, दोनदा... आणि मग खाली बसून त्यांनी मान खिडकीकडे वळवली. परतीच्या बसमध्ये त्या गर्दीत मला दीड तास उभं राहावं लागलं आणि त्याचं मला बरंच वाटलं. बसायला जागा मिळाली असती तर मी रडलो असतो.

पुढच्या आठवड्यात मेधाचा फोन आला. वृद्धांचे आजार बघणाऱ्या डॉक्टरांना तिनं अण्णांना दाखवलं होतं. त्यांनी सांगितलं, आजार म्हणावा असा मोठा काही नाही. वजन उतरलंय, स्नायू गेलेत, पायांत ताकद नाही, आणि माणसाला कशात रस नाही. मग त्यांनी विचारलं, आधी दिवसभर काय करायचे? मेधानं मोटर आणि गच्चीचं सगळं सांगितलं. "तर डॉक्टर म्हणाले, अहो, मग तोच त्यांचा व्यायाम होता. तो कोणी बंद केला?" मेधानं हे सहज सांगितलं. माझे कान तापले. म्हटलं, "मी केला, मेधा. वर शालही घातली." मग मीच म्हटलं, त्यांना परत आणून बघूया. तिनं खूप विचार केला आणि तीन महिन्यांची मुदत दिली. तीन महिन्यांनी ती येणार, तिच्यासमोर अण्णांनी आपल्या पायांनी खाली उतरून वर चढून दाखवायचं. नाही जमलं तर बिबवेवाडीचं घर बंद करायचं आणि कायमचं हिंजवडी. "त्यांना एकटं ठेवून मला झोप लागणार नाही, काका," म्हणाली. तिचंही चूक नव्हतं.

चौघांनी खुर्चीवर बसवून अण्णांना दुसऱ्या मजल्यावर चढवलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. डॉक्टरांनी पाठवलेली फिजिओथेरपिस्ट मुलगी आठवड्यातून तीनदा येऊन खुर्चीतून हात न टेकता उठायला शिकवायची. सुनंदाताई डाळ, अंडं, शेंगदाण्याची चटणी असं मागे लागून खायला घालायच्या. पण अण्णा सगळं दुसऱ्याचं मन राखायला केल्यासारखं करत. तेव्हा मी एक शहाणपणा केला. पंपाच्या खोलीत जाऊन त्या यंत्राची एक वायर काढली आणि वर येऊन गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "अण्णा, ते ऑटोमॅटिक बिघडलं."

"कसं?"

"काय माहीत. बंदच होत नाही मोटर."

"कुठली वायर काढलीत?" त्यांनी विचारलं. "लाल काढलीत की काळी?" म्हटलं, लाल. "मग मोटर लागणारच नाही, बंद कसली होतेय? चेअरमन, खोटं बोलायचं तर आधी विषयाची माहिती घ्यावी." मी शरमेनं हसलो आणि मग जे खरं होतं ते बोललो. म्हटलं, "अण्णा, सत्काराच्या दिवशी मी तुमचं काम काढून घेतलं. माझं चुकलं. ते परत घ्या." ते बराच वेळ आपल्या हातांकडे बघत बसले. "पाय कुठे आहेत पण?" म्हणाले. त्यांचा आवाज तसा मी कधी ऐकला नव्हता. मग स्वतःच म्हणाले, "कान आहेत अजून. दाराशी खुर्ची टाका."

तर सुरुवात कानांपासून झाली. यंत्र बाजूला काढून मोटर पुन्हा हातानं बटण दाबून लावायची ठरली. सकाळी अण्णा आपल्या दारात बसायचे, जिन्यातून जाणाऱ्या पाइपला कधी कान, कधी पंजा लावायचे आणि खाली मला फोन करायचे, "बंद करा, भरली." मी बटण दाबायचो. चार दिवसांनी एक मिनिट उशीर झाला तर, "लग्नाला आलात का?" असं ऐकून घेतलं. दोन आठवड्यांनी ते सहा पायऱ्या उतरले. मग वळणापर्यंत. वळणावर मी माझ्या घरातली एक लाकडी खुर्ची ठेवली, तर जिन्यात अडचण होते म्हणून दोन सभासदांची तक्रार आली. चेअरमन या नात्यानं मी ती वाचली आणि चेअरमन या नात्यानंच फाइलला लावली. मधे एक आठवडा सर्दी-तापात गेला आणि सगळं पहिल्या पायरीवर आलं. त्या आठवड्यात अण्णा मला म्हणाले, "नाही जमायचं. मेधाला सांगून टाका." मी नाही सांगितलं. त्यांनीही पुन्हा म्हटलं नाही.

ठरलेल्या रविवारी मेधा सकाळीच आली. अण्णांनी दाढी केली होती. कठड्याला धरून एकेक पायरी, दोन्ही पाय एका पायरीवर आणत, ते उतरायला लागले. एका ठिकाणी पाय लटपटला तशी मेधा पुढे झाली. मी तिची ओढणी धरून ठेवली. खाली पोचायला किती वेळ लागला, मी बघितलं नाही. त्यांनी कुलूप काढलं, झाकण मात्र मला उचलायला लावलं, मोटर लावली आणि स्टुलावर बसून पाइपला हात लावला. टाकी भरल्यावर बटण बंद केलं. गच्ची त्यांनी सोडून दिली होती, तिचं नावही काढलं नाही. वर येताना वळणावरच्या खुर्चीत दहा मिनिटं इंजिन गार केलं. चहा झाला. मेधा निघाली तेव्हा अण्णा उठले, हात न टेकता, आणि पायात चप्पल घालायला लागले. "आता कुठे?" तिनं विचारलं. "तुला फाटकापर्यंत पोचवतो." ती नको नको म्हणत राहिली, आणि ते पुन्हा सगळा जिना उतरले. गाडीत बसल्यावर ती हसत होती की रडत होती, मला बाहेरून नीट कळलं नाही. काच खाली करून म्हणाली, "काका, घर राहू द्या."

त्यानंतर अण्णा अडीच वर्षं जगले. म्हातारपण काही परत गेलं नाही. ऐकू कमी यायला लागलं, दुपारची झोप लांबली, शेवटच्या थंडीत तर आठवड्यातून चारच दिवस मोटर त्यांची, उरलेले तीन माझे. पण जेवणाला चव होती आणि भांडायला विषय होता. शेवटच्या सकाळी मला म्हणाले, "व्हॉल्व्हचा वॉशर गेलाय, आणून ठेवा, उद्या बसवू." वॉशर मी संध्याकाळी आणणार होतो. तो आणायचा राहिला याचं वाईट वाटतं; बाकी मनाला टोचणारं काही नाही. रुग्णालय नाही, नळ्या नाहीत, सतरावा मजला नाही. आपल्या घरात, आपलं काम करून, दुसऱ्या दिवसाचं काम ठरवून माणूस गेला. म्हणून बरं झालं म्हणालो. आजही तेच म्हणतो.

मेधानं घर आवरलं तेव्हा वळणावरची खुर्ची परत नेणार का, असं मला विचारलं. म्हटलं, राहू दे. मोटर आता मी लावतो. पहिल्याच आठवड्यात टाकी वाहिली आणि पाणी अण्णांच्या खिडकीवरून गळत खाली आलं. मला अजून पाइपचं काही कळत नाही, पंजा लावून नुसता उभा राहतो. तिसऱ्या मजल्यावर परत चढताना वळणावर मला त्या खुर्चीत बसावंच लागतं. माझेही गुडघे आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. परवा तिथेच बसलो असताना आमची नवी खजिनदार आरती ऑफिसला निघालेली भेटली. बिचारीच्या डोळ्यांत खरी काळजी होती. "काका, तुम्ही का एवढा त्रास घेता? ते ऑटोमॅटिक रिपेअर करून घेऊ ना. आणि नेक्स्ट मीटिंगला तुमचा छान सत्कार ठेवू."

"सत्कार ठेव," मी म्हटलं, "पण किल्ली मागू नकोस."