घरातलं दुसरं ध्यान

शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या या माणसाला कारखान्यात सगळे ‘ध्यान’ म्हणत, आणि खरं सांगायचं तर तो दिसायचाही तसाच. शर्टाचं बटण एक काज चुकलेलं, चष्मा कपाळावर, आणि मशीन बिघडलं की त्याच्यापुढे हा डोळे मिटून बसलेला. बाकीचे मेकॅनिक आल्याआल्या पाना काढत. हा आधी शिवणाऱ्या बाईला म्हणायचा, “चालवा जरा,” आणि नुसता ऐकत राहायचा. आजूबाजूच्या बाया एकमेकींना कोपराने ढोसायच्या. त्याने हात लावलेलं मशीन सहसा पुन्हा बिघडत नसे, पण हे बोलून दाखवायला कुणाला सवड होती?

नाव मात्र कारखान्यातलं नव्हे, घरचंच. लहानपणी त्याला काही विचारलं, तर उत्तर येईपर्यंत विचारणारा निघून गेलेला असायचा. म्हणून थोरल्या बहिणीने ते नाव ठेवलं आणि ते जन्माचं चिकटलं. वरवर तो हसण्यावारी न्यायचा, पण आत सलायचं. मुलगी झाली तेव्हा त्याने देवाकडे एकच मागितलं, पोर आईवर जाऊ दे.

पोर दुसरीत गेली, आणि एका संध्याकाळी त्याच थोरल्या बहिणीने बातमी दिली. शाळेतल्या बाईंचा फोन तिनेच घेतला होता. ताईला हल्ली कमी ऐकू यायचं, पण ते कबूल करण्यापेक्षा न ऐकलेलं वाक्य स्वतःच पुरं करणं तिला सोपं जायचं.

“बाई म्हणाल्या, तुमची मुलगी ध्यान आहे. उद्या बापाला पाठवा.”

“असंच म्हणाल्या?”

“अक्षरशः. मी काय बहिरी आहे?”

त्याला पुढचं सगळं दिसायला लागलं. आता पोरीलाही वर्ग हसणार, तीही खाली मान घालून वाढणार. बायकोने परोपरीने समजावलं, पण त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

“अहो, मी म्हटलं होतं, तिचं शिकवण्याकडे ध्यान आहे,” बाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. “उत्तरं बरोबर असतात. पण वेळ लावते आणि पेपर अर्धा राहतो. तिला थोडा जास्त वेळ द्यावा म्हणते. चालेल ना तुम्हाला?”

त्याचा जीव भांड्यात पडला. इतका, की भीड सोडून तो विचारून बसला, “पण बाई, ध्यान म्हणजे बावळट ना?”

बाई हसल्या. मराठी शिकवायच्या त्या, विषय हातचा कशाला सोडतील? “मूळ धातू ‘ध्यै’. म्हणजे शांतपणे, एकाच गोष्टीवर मन ठेवून विचार करणं. त्यावरून ध्यान. मग ज्या रूपावर मन ठेवायचं, त्या रूपालाही ध्यान म्हणू लागले. आणि एकदा रूपाला म्हटल्यावर, कुणी गबाळा समोर आला की ‘काय ध्यान आहे’ म्हणायला कितीसा वेळ लागतो? थट्टेथट्टेत अर्थ घसरला असावा.”

त्याने चष्मा हळूच कपाळावरून खाली घेतला.

“तिलाही विचारलं मी, एवढा वेळ करतेस काय? तर म्हणाली, आमचे बाबा मशीनला आधी हात लावत नाहीत, आधी ऐकतात. मी पण प्रश्न आधी ऐकते.”

“द्या तिला हवा तेवढा वेळ,” तो म्हणाला.

शाळा सुटली तेव्हा तो फाटकापाशी उभा होता. पोरीने त्याचा चेहरा निरखला.

“बाई रागावल्या का, बाबा?”

“नाही गं.”

“मग काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, तू माझ्यावर गेलीस.”

हे वाक्य आपल्या तोंडून कधी आनंदाने निघेल, असं त्याला आयुष्यात वाटलं नव्हतं.