दाराला लावलेला पाट

रोज सकाळी आंघोळ झाली की जयवंतकाका दार सताड उघडायचे आणि ते मिटू नये म्हणून त्याला लाकडी पाट लावायचे. करी रोडच्या आमच्या चाळीत दिवसा कुणीच दार लावत नसे. लावलं तर समजायचं, घरात भांडण नाहीतर आजारपण. चाळ पडून तिथेच टॉवर झाला, आम्ही एकविसाव्या मजल्यावर पुन्हा शेजारी आलो, तरी पाट दाराशीच. पहिल्याच आठवड्यात चोरी झाली समजून वॉचमन धावत वर आला. काका चहा गाळत होते. त्यालाही अर्धा कप मिळाला.

काका परळच्या नाइट कॉलेजात इतिहास शिकवायचे. अँड्र्यू जॅक्सन रंगवून सांगायचे. गरिबीतून वर आलेला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. त्याच्या शपथविधीला साधी माणसं चिखलाच्या बुटांनी थेट राष्ट्राध्यक्षांच्या घरात शिरली, काचेची भांडी फुटली. दिवसभर राबून आलेली मुलं खूश व्हायची. मग काका आवाज उतरवायचे. त्याच माणसाने गुलाम बाळगले, आणि कायदा करून मूळ रहिवाशांना त्यांच्या जमिनींवरून हलवलं. पुढे हजारो वाटेतच मेले.

"मग सर, माणूस चांगला की वाईट?" कुणीतरी विचारायचंच.

"ते त्या वाटेवरच्यांना विचारायला हवं."

चाळ पाडायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी काकांनाच कमिटीचा अध्यक्ष केलं. आपला माणूस. त्यांनी बिल्डरच्या ऑफिसात चपला झिजवल्या आणि भाडेपावती असलेल्या प्रत्येकाला घर मिळवून दिलं. जिन्याखाली राहून पोळ्या करणाऱ्या शेवंतीकडे पावती नव्हती. तिच्यासाठी अडून बसलो तर सगळ्यांचंच रखडेल, असं कमिटीत ठरलं. सांगायला काकाच गेले. आधी इमारत उभी राहू दे, मग तुझं बघू. ती लांब दिवा स्टेशनच्या वस्तीत राहायला गेली. इमारत उभी राहिली.

नव्या घरात लोक काकांच्या पाया पडायचे. त्या वर्षी जॅक्सनचा धडा त्यांनी दुसऱ्या सरांकडे दिला. एकदा दिव्याला जाऊन शेवंतीला चहाला बोलावून आले. तिने लाटण्यावरून नजर उचलली नाही.

"येईन की सर. दार तेवढं उघडं ठेवा."

टोमणाच होता. काकांनी तो निरोपासारखा जपला. दुपारी उघड्या दारातून वारा शिरायचा, कॅलेंडरची पानं हलायची, भिंतीवर उजेड पाण्यासारखा डुलायचा. खुर्चीत डोळे मिटून काका म्हणायचे, कुठेतरी पोळी भाजतेय. मजल्यावर तर सगळी दारं बंद असायची.

गेल्या श्रावणात अशाच एका दुपारी ते झोपेतच गेले. त्याच दुपारी, थोडं आधी मी त्यांचा पेपर परत करायला गेले होते. वारा फार होता, म्हणून निघताना पाट सरकवून दार ओढून घेऊ लागले. काकांनी डोळे उघडले नाहीत.

"राहू दे गं. शेवंती यायची आहे."