पितळी घड्यातलं लग्न

आमच्या अप्पांनी साठाव्या वर्षी कुंभकोणममध्ये लग्न केलं. मुलगी घरातलीच होती, आमची आई.

साठी झाली की आमच्याकडे त्याच बायकोला पुन्हा मंगळसूत्र बांधतात. पहिली गाठ नवऱ्याची, उरलेल्या दोन त्याच्या बहिणीच्या. (ही चाल तमिळ शेजाऱ्यांची. आम्ही मराठी, पण इतक्या पिढ्या तमिळ मुलखात काढल्यावर एवढं तर होणारच!) चित्रीकरण अर्थातच माझ्याकडे आलं, कारण मी चेन्नईत माहितीपट करतो आणि घरच्यांना फुकट मिळतो.

माझं एक तत्त्व आहे: कॅमेऱ्यानं माणसाकडे सरळ बघायचं नाही. चेहरे काय, कुणीही दाखवतं! मी अख्खं लग्न होमाशेजारच्या लखलखीत पितळी घड्यात दाखवणार होतो. फक्त प्रतिबिंब!

"अरे, माझी रेशमी पट्टुसाडी तरी दिसंल का?" अप्पांच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे अत्यानं विचारलं.

"साडी नाही अत्या, साडीमागची भावना दिसेल."

"भावनेला जरीकाठ अहे का?"

खिडकीतून उन्हाचा सुरेख झोत येत होता. त्यात थोडा धूर हवा, म्हणून भटजींची पाठ वळताच मी होमात नारळाच्या काथ्याची दोन ओली सोडणं सारली.

थोडा धूर! आधी भटजी दिसेनासे झाले, मग अप्पा, मग भिंती. "अय्यो, राहुकाळ येतोय, बांधा, बांधा!" असा भटजींचा नुसता आवाज आला. वाजंत्र्यांनी अंदाजानंच वाजवायला सुरुवात केली. मी मात्र खोकत खोकत घड्यावर कॅमेरा रोखून बसलो.

धूर विरला तेव्हा आईच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, तिन्ही गाठी पक्क्या. आणि अप्पांच्या हातात त्यांचंच उपरणं होतं. त्यालाही एक पक्की गाठ!

"अक्का, पहिली गाठ मीच मारली ना?" अप्पांनी अत्याला विचारलं.

"मला काय ठाऊक? हाताला दोरा लागला, मी बांधत सुटले!"

"तू तरी सांग," अप्पा आईकडे वळले.

"माझ्या मानेला मागून डोळे अहेत का?"

भटजींनी घड्याळ पाहिलं. पहिली गाठ अप्पांची नसेल तर सगळं सोडून पुन्हा बांधायला हवं होतं, आणि राहुकाळ तर दारात उभा. आईचा चेहरा उतरला. तो पाहून मी घाईघाईनं चित्रण मागे फिरवलं. सगळे कॅमेऱ्यावर तुटून पडले.

आधी, धुरापूर्वी घेतलेली समईची ज्योत दिसली. मग आईच्या पायाचा अंगठा. मग पुन्हा ज्योत.

"आमी माणसं कुठं अहोत रे?" अत्या ओरडली.

शेवटी घडा आला. धूर क्षणभर बाजूला झाला आणि पितळेत दिसला अप्पांचा हात, आईच्या मानेमागे गाठ मारताना! लगेच अत्यानं त्यांना कोपरानं ढकललं आणि ते बिचारे चाचपडत हाती लागलेल्या उपरण्यालाच गाठ मारू लागले.

"झालं की हो!" अप्पा मटकन खाली बसले. आई हसली, मग रडली. मला इतकं हायसं वाटलं की मी सरळ अत्याच्या पाया पडलो.

"आणि हा कोण रे?" तिनं पडद्यावर बोट ठेवलं. घड्याच्या मधोमध, सगळ्यांच्या पुढे, भोपळ्याएवढा माझा चेहरा होता. डोळ्यांतून धारा लागलेल्या.

ती फिल्म आता सगळ्या नातेवाइकांत फिरते. "पोराची आईबापावर केवढी माया, किती रडतोय!" म्हणून लोक गहिवरतात. चेहरे न दाखवणाऱ्या दिग्दर्शकाच्या फिल्ममध्ये नीट दिसणारा चेहरा एकच, आणि तोही सोडणांनी रडवलेला!