डबा काही निघेना

हसणार नाही असं कबूल करा, मगच सांगतो. आणि हो, हातातला चहा आधी संपवा. मध्येच ठसका लागला तर मी जबाबदार नाही.

तर मंडळी, मी पस्तीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं. त्यातही माझा हातखंडा विषय म्हणजे घर्षण. घर्षणावर मी बोलायला लागलो की पोरं डोळे मिटून ऐकायची. बरं, झोपायची म्हणा हवं तर. अशा माणसाला एका जुन्या गाडीच्या ब्रेकनं चार दिवस पोर्चमध्ये फतकल मारून बसवलं!

गाडी सासऱ्यांची. गोल दिव्यांची, जाड पत्र्याची, दार लावलं की तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज करणारी. चारेक वर्षांपूर्वी सासरे गेले आणि सासूबाई व गाडी दोघी आमच्याकडे राहायला आल्या. गेलं वर्षभर गाडी जागेवरच होती. त्या बुधवारी सहज सुरू करून बघितली, तर इंजिन घुरघुरतंय आणि मागची दोन्ही चाकं जाम!

नेमका त्याच दिवशी माझा मेहुणा दिलीप फुलंब्रीहून आला. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ घातली आणि निकाल दिला.

"दाजी, लई झालं आता. भंगारात देऊन टाका. रविवारी मी टेम्पोच घेऊन येतो."

सासूबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "दिलीप, मला एक डाव तिच्यात बसून करमाडला जायचंय रे. गाडी घेतली तवा ह्यांनी पहिल्यांदा मला माहेरालाच नेलं होतं. मग काय करायचं ते करा."

"आई, पण ती हलंना ना! बरं, रविवारपर्यंत हलली तर मी सोता चालवत नेतो. नाय हलली तर टेम्पो."

सासूबाई नुसत्या पदरानं गाडीची काच पुसत राहिल्या. मला खरंच भरून आलं हो. आणि भरून आलं की माणूस जे करतो तेच मी केलं. म्हणालो, "आई, रविवारी तुम्ही करमाडला. ह्याच गाडीत. माझा शब्द!"

आमची सुनंदा व्यवहारी. तिनं लगेच फोन पुढे केला. "अहो, हमीदभाईंना बोलवा."

हमीदभाई म्हणजे गुलमंडीच्या मागच्या गल्लीतले मिस्त्री, सासऱ्यांच्या काळापासून गाडीचे डॉक्टर. ते फोनवर म्हणाले, "सर, पिछे के ब्रेक के डब्बे चिपके होंगे. आधे घंटे का काम है. मैं आतूं."

मी त्यातलं 'आधे घंटे का काम' एवढंच ऐकलं. अर्ध्या तासाच्या कामाला मिस्त्री? आणि तोही घर्षणाच्या प्राध्यापकाच्या घरी? मी त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं.

आता डबा म्हणजे काय, तर चाक काढलं की आत पालथ्या पातेल्यासारखं जे लोखंड दिसतं ना, ते. पुस्तकात ब्रेक ड्रम, आमच्याकडे डबा. तो बाहेर ओढायचा, आतला गंज साफ करायचा, परत बसवायचा. विषय संपला!

चाक उतरवलं आणि डबा बघून माझी छाती फुगली. काय चकाकत होता! सासऱ्यांमागे खंडेनवमीला गाडीची पूजा माझ्याकडे आली होती. ते आपले गाडी धुऊन हार घालायचे. मी म्हटलं, करायचं तर शास्त्रशुद्ध. चाकं उतरवून मी आतले डबेसुद्धा लाल ऑइलपेंटनं रंगवायचो. चार वर्षं, दरवर्षी दोन हात. डब्यांच्या तोंडावर दोन-दोन घाणेरडे खड्डे होते, तेही पहिल्याच वर्षी रंगाऱ्यांची लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, पॉलिशपेपर घासून सपाट केले होते. वरून बोट फिरवलं तर कळणार नाही!

तुम्ही मनात म्हणत असाल, ह्यानं हँडब्रेक ओढून ठेवला असणार. अहो, तेवढा येडा नाही मी! हँडब्रेक सोडला होता, पुढच्या चाकांना दगड लावले होते, सगळं कसं रीतसर.

मग डबा ओढला. हलेना. पाय गाडीला लावून ओढला. माझी कंबर हलली.

तेवढ्यात सासूबाई आल्या. "जावईबापू, एक सांगू का? त्याला ना आधी..."

"आई," मी घाम पुसत म्हणालो, "हा फिजिक्सचा विषय आहे. तुम्ही जरा चहा ठेवा."

त्यांनी चहा ठेवला.

गुरुवारी रॉकेल, हातोडा आणि मोबाईलवरचे व्हिडिओ. व्हिडिओतला गोरा माणूस दोन ठोके मारायचा, डबा त्याच्या हातात. मी दोनशे ठोके मारले, शेजारचे तीनदा विचारून गेले की घर पाडायला काढलंय का! सासूबाई पुन्हा आल्या. "मी काय म्हणते, हे डबा काढायचे ना, तवा..."

"आई, त्यांचा काळ वेगळा होता. चहा?"

शुक्रवारी मी फरशीवर खडूनं आकृती काढली. बल इकडून, घर्षण तिकडून, मध्ये मी. आकृतीप्रमाणे डबा निघायलाच पाहिजे होता. सुनंदाची कपडे वाळत घालायची दोरी डब्याला गुंडाळली, दुसरं टोक फाटकाला बांधलं आणि मध्ये पहार घालून पीळ दिला. कडकन आवाज झाला! मी आनंदानं ओरडलो, "निघाला!"

डबा तसाच होता. फाटक निघालं होतं.

सासूबाई पायरीवर बसून बघत होत्या. ह्या वेळी आपणहून उठल्या. आत गेल्या आणि न सांगताच चहा घेऊन आल्या.

शनिवारी सकाळी दिलीपचा फोन आला. "दाजी, टेम्पो सांगून ठेवलाय बरं का." फोन स्पीकरवर होता आणि सासूबाई तिथंच भाजी निवडत होत्या. त्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. खरं सांगतो, त्या क्षणी मला माझी लाज वाटली. सुनंदानं मला न विचारता हमीदभाईंना बोलावलं आणि ह्या वेळी मी 'येऊ नका' म्हटलं नाही.

हमीदभाई आले. डब्यासमोर उकिडवे बसले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"सर, इसके इस्क्रू कां गये?"

"कसले स्क्रू?" मी म्हणालो. "ह्याला स्क्रू नसतातच. चार दिवस मी ह्याच्याकडेच बघतोय!"

मागून सासूबाईंचा आवाज आला. "हमीद, एकेका डब्याला दोन असत्यात ना रे? हे खोलायचे अन् माझ्याजवळ द्यायचे. मी पदरात धरून बसायचे, हरवू नये म्हणून."

"हौ भाबी. हर डब्बे पे दो."

हमीदभाईंनी बारकी छिन्नी लावून डब्याचं तोंड खरवडायला सुरुवात केली. लाल पापडी निघाली. खाली लाल पापडी. तिच्याखाली अजून लाल. मग पांढरी, दगडासारखी कडक लांबी. आणि लांबीच्या तळाशी, अहो, स्क्रूचं डोकं!

"या अल्ला," हमीदभाई म्हणाले. "ये लांबी किसने भरी? कोई दुश्मन का काम दिखता."

मी फाटकाकडे बघायला लागलो. तिथं फाटक नव्हतं, म्हणून रस्त्याकडे बघितलं. सुनंदा मात्र माझ्याकडेच बघत होती.

चार स्क्रू मोकळे केले, हातोडीचे दोन हलके ठोके, आणि दोन्ही डबे हमीदभाईंच्या हातात. मोजून अर्धा तास! त्यातही जास्त वेळ माझा रंग खरवडण्यात गेला.

मी वैतागून म्हणालो, "आई, पहिल्याच दिवशी सांगायचं ना!"

"सांगायले होतेच की! पण तुम्ही म्हणलात, फिजिक्सचा विषय आहे. मला त्यातलं काय कळतंय? मग मी चहा ठेवला."

गंज साफ करून डबे परत बसले आणि चाकं फिरली, हे सुनंदानं दिलीपला फोनवर कळवलंच होतं. रविवारी तो टेम्पो न आणता मोटारसायकलवर आला आणि शब्दाप्रमाणे गाडी चालवायला बसला. शेजारी मी. मागं सुनंदा आणि जरीची साडी नेसलेल्या सासूबाई. त्या आनंदानं रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाकडे बघत होत्या.

करमाडच्या वाटेवर गाडी एका खड्ड्यात आदळली. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या.

दिलीप कावला. "काय खड्डे हेत राव! बुजवतेत अन् महिन्यात पुन्हा उखडतेत. ह्यांला कुणी नीट बुजवणारा माणूसच भेटत नाय का?"

मागून सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "असं कसं? जावईबापूंचा पत्ता दे ना त्यांला. ह्यांनी बुजवलेला खड्डा चार वर्षं झाली तरी हलत नाय."