नानांच्या भिंतीवरची बैठक

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी मी धरणगावला नानांच्या ओसरीत चुना कालवत होते. नाना, म्हणजे माझे काका, जाऊन काही आठवडे झाले होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नावाची घागर भरायची, पाहुणे येणार, म्हणून चुलतभाऊ सुनील म्हणाला, "ताई, चारही भिंती पांढऱ्या करून टाक." चौथ्या भिंतीशी मात्र माझा हात थांबला...

नाना दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अक्षर देखणं, माणसं काढली की सगळी एकाच आईची दिसत. करोनात अक्का, माझी काकू, गेली तेव्हा दारावर बसायला, म्हणजे सांत्वनाला, येणं बंद होतं. मी धुळ्यात अडकलेली, जिल्ह्याची हद्द ओलांडायला पास मिळेना. शेजारी जेवणाचा डबा ओट्यावर ठेवून पळायचे. ज्या ओसरीत चपलांचा ढीग पडायचा, तिथं नाना आणि सुनील, बापलेक दोघंच. शेवटी नानांनी उरलेला ऑइलपेंट काढला आणि एरवी जे दारावर आले असते, त्या सगळ्यांना भिंतीवर बसवलं. प्रत्येकाला मास्क. नाकतोंडाचा प्रश्नच मिटला.

पुढे खरी माणसं आली, आणि आल्या आल्या जागेवरून भांडली. चपलांच्या ढिगाजवळ रंगवलेले शेजारचे आबा म्हणाले, "माले चपलासजोडे बसाडं? आनि आते तरी मास्क काढ."

"मास्क काढा ते तुले वळखी कोन?" नाना म्हणाले.

आबा हसले, आणि हसता हसता रडायला लागले. मग नानाही. अक्का गेल्यानंतर पहिल्यांदाच. चहा दोनदा गरम करावा लागला.

त्या बैठकीत दाराजवळ हातभर जागा कोरी होती. मी नानांना विचारलं, "यात मी कुठंय?"

"तुनी जागा ठेयेल शे. बस, मंग काढसू."

मी कसली बसतेय. आले की आधी त्यांचे तेलकट डबे घासायचे, मग माळा झाडायचा. "पुढच्या खेपेला," मी म्हणायचे...

सुनीलला सांगितलं, तीन भिंती पुरेत.

"लोक काय म्हणतील?"

"भिंतीवरच बसलेत. विचार त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी घागर भरली, वर खरबूज ठेवलं. चहा घेऊन त्या कोऱ्या जागेला पाठ टेकली आणि काहीही न करता बसून राहिले. दारावरून उठताना 'येते' म्हणत नाहीत. मीही न म्हणताच उठले आणि कप विसळला.