भोंगा न वाजता वाढलेलं पाणी

व्यंकटी सोनकांबळे पहाटे उठून समुद्र बघायला गेला, तर समुद्र जाग्यावर नव्हता.

काल दुपारी घरची सहा माणसं बोटीतून अंदमानच्या या बेटावर उतरली, तेव्हा पाणी लॉजमागच्या नारळाच्या बुंध्याला टेकलेलं त्यानं स्वतःच्या डोळ्यानं बघितलं होतं. बोटीत पोट ढवळून आल्यामुळं तो जो खाटेवर आडवा झाला, तो उठलाच नाही. आणि आता घड्याळात सव्वापाच, उजेड मात्र नांदेडच्या सात वाजल्यासारखा, आणि त्या नारळापासून पुढं नुसते काळेतांबूस खडक. मधी मधी वाळू. लांब, पार लांब एक पांढरी रेघ हलत होती, तेवढाच काय तो समुद्र. बाजार उठून गेल्यावर मैदान दिसावं तसं सगळं उघडं पडलं होतं. एवढं पाणी रातोरात उतरायचं म्हणजे सगळे दरवाजे वर करावे लागतात. केले कुणी?

दुसऱ्या कुणाला ही शंका आली असती तर लोक हसले असते. पण व्यंकटीनं विष्णुपुरीच्या धरणावर एकतीस वर्षं काढली होती. रोजंदारीवर लागला, दरवाजे चालवणाऱ्या माणसांत कायम झाला आणि तीन वर्षांमागं तिथूनच हार गळ्यात घालून घरी आला. रोज पहाटे मोजपट्टीवरचा आकडा वाचून फोनवर कळवायचा. पाणी सोडायच्या आधी भोंगा वाजवायचा. भोंगा वाजवूनही त्याचं समाधान होत नसे. सायकल काढून काठाकाठानं जायचा, धुणं धुणाऱ्या बायांना, म्हशी धुणाऱ्या पोरांना शिव्या घालून वर हाकलायचा. भोंग्याबिगर पाणी वाढत नाही आणि भोंगा झाल्यावर काठावर माणूस ठेवायचा नाही, एवढे दोनच कायदे त्याला ठाऊक. ते त्यानं असे पाळले, की स्वतःच्या पोराला, अश्वजितला, कधी गुडघाभर पाण्यात उतरू दिलं नाही. अश्वजित अडतीस वर्षांचा झाला, मुदखेडच्या पोस्टात चिकटला, दोन लेकींचा बाप झाला, पण पोहणं त्याला येत नाही ते नाहीच.

भरती-ओहोटी व्यंकटीला माहीत नव्हती असं नाही. शाळेच्या पुस्तकात होती. पण पुस्तकात ती एका ओळीची होती, आणि इथं अख्खं तळं कुणीतरी उचलून नेल्यासारखं दिसत होतं.

घटकाभरानं धीर करून तो खडकांत उतरला. खळग्याखळग्यात घोट्याइतकं पाणी साचलेलं, आरशासारखं. त्यात पिवळे मासे, निळी चांदणीसारखी काहीतरी वस्तू, ती हळूच हललीसुद्धा. व्यंकटी उकिडवा बसला आणि कितीतरी वेळ बघत राहिला. लेकरांना इथंच आणायचं, असं त्यानं तिथंच ठरवून टाकलं.

पण किनारे ठरवायचं काम दिपालीकडं होतं. दिपाली म्हणजे अश्वजितची बायको, माहेर रेणापूरचं. सरकारी नोकराला अंदमानला विमानानं जायची सवलत मिळते, हे तिनंच शोधून काढलं होतं. उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी चार महिने फोनमध्ये डोकं घालून तिनं वहीत यादी केली होती: कुठल्या किनाऱ्यावर सावली, कुठं कपडे बदलायला खोली, कुठं पाणी एकदम खोल होतं, कुठं लेकरांवर नजर ठेवणारा माणूस असतो.

"मामा, आज जेट्टीजवळचा किनारा धरू," नाश्त्याला बसल्यावर ती म्हणाली. "वाळू सपाट हाय. पन्नास पावलं आत गेलं तरी कमरेच्या वर पाणी न्हाई. शिट्टीवाला माणूस बसलेला असतो. लेकरंवाल्यायनी लिहिलंय, बारकी लेकरं असली तर हितंच जा."

"लिहिणारे कुठले म्हणायचे?"

"कुठलेबी. दिल्लीचे, पुण्याचे."

"त्यायनी पाणी कधी बघितलं? नळाचं?" व्यंकटी चहा बशीत ओतत म्हणाला. "तिथं माणसायचा बाजार. मोटारबोटी फिरून राहिल्या. त्यापेक्षा हे मागचं बघा. घोट्याइतकं पाणी. लेकरू पडलं तरी बुडत न्हाई. मासे तर असे, की हातानं धरावं."

"ते बी हाय माझ्या यादीत, मामा. पण वेळ बघून जा म्हणलेत. आज नऊच्या आत परत फिरायला पायजे."

"पाण्याला काय ड्युटी लावलीय का, नऊ वाजता यायला?" व्यंकटी मोठ्यानं हसला. "आता रेणापूरच्या पोरीनं मला पाणी शिकवावं."

दिपालीनं वही मिटली. "आमच्याकडं पाणी कमी, मामा, म्हणून तर आमी घड्याळ लावून बघतो. आठ दिसाला नळ येतो. वख्त चुकला की गेला. पाणी येळेवर येतं, एवढं आमाला मालूम हाय."

"जाऊ दे ना," अश्वजित मधी पडला. "बाबाला पाण्यातलं कळतंय."

"हाव, कळतंय," सरजाबाई, व्यंकटीची बायको, धपाटे फडक्यात बांधत म्हणाली. "म्हणूनच काल बोटीत उलट्या केल्या."

लेकी खिदळल्या. पण शेवटी व्यंकटीचंच चाललं. एकतीस वर्षांच्या नोकरीपुढं वहीचं काय चालणार.

सव्वाआठला सगळे मागच्या वाटेनं उतरले. वाटेच्या तोंडाशी एक बंगाली म्हातारी शहाळी घेऊन बसली होती. तिच्या पुढं, उताराच्या तळाला वाळूत एक बांबू रोवलेला, त्याला लाल चिंधी बांधलेली. व्यंकटी त्या बांबूला वळसा घालून गेला. ज्यानं जन्मभर मोजपट्टी वाचली, त्याला ती काठी शहाळ्याच्या दुकानाचा झेंडा वाटली.

किनारा आणि खडक यांच्यामधी खोलगट वाळूची एक पट्टी होती, चाळीसेक पावलं रुंद, आपल्याकडच्या ओढ्यासारखी. आपल्याकडं वैशाखात ओढ्याच्या पात्रातूनच रस्ता पडतो. बैलगाडी, मोटारसायकल, नवरदेवाची जीप, सगळं त्यातूनच जातं. कोरडं पात्र म्हणजे वाट, हे पायांनाच ठाऊक असतं. व्यंकटीचे पाय तसेच गेले. एका हाताला नऊ वर्षांची समीक्षा, एका हाताला पाच वर्षांची मित्रा. बाकीचे सावलीत बसले. दिपालीनं मागून आवाज दिला, "मामा, नऊला हाक मारते."

"मार, मार," तो वळला पण नाही.

पुढचा तासभर सोन्यासारखा गेला, हे कुणीही कबूल करील. समीक्षानं निळी चांदणी शोधली. मित्राला काळं लांबट काहीतरी दिसलं, ती म्हणाली, "आबा, काकडी." काकडीनं पाणी सोडलं तशी ती किंचाळून आजोबाच्या मांडीवर चढली. व्यंकटीनं चपला आणि धपाट्यांचं फडकं एका सपाट खडकावर ठेवलं आणि समुद्राकडं तोंड करून बसला. बेसावध बसला असं नाही. त्याची नजर त्या पांढऱ्या रेघेवर होती. धरणावर माणूस फुगवट्याकडं, म्हणजे भिंतीमागं तुंबलेल्या पाण्याकडं, तोंड करून बसतो, पाणी येतं ते तिकडूनच. रेघ होती तिथंच होती. वाऱ्यात दिपालीची हाक त्याच्यापर्यंत पोचली नाही. एकदा पोचली, तेव्हा त्यानं हात हलवला आणि म्हणाला, "आलो, आलो," आणि लेकरं आणखी एक खळगा पुढं गेली.

"आबा," मित्रा म्हणाली, "तुमची चप्पल चालली."

त्यानं मान वळवली. सपाट खडक दिसत नव्हता. चप्पल पाण्यावर तरंगत, हळूहळू फिरत, किनाऱ्याकडं निघाली होती. तिच्यामागून धपाट्यांचं फडकं. मघाशी ज्या वाळूवरून ते चालत आले, तिथं आता हिरवं पाणी होतं, आणि ते पाणी आडवं धावत होतं. पुढचा समुद्र आहे तिथंच, आणि पाठीमागं नदी.

व्यंकटी उभा राहिला आणि त्यानं कान दिला. नंतर पुष्कळ दिवस त्याला याचीच लाज वाटत राहिली. दोन लेकरं खडकावर, चारी अंगाला पाणी, आणि तो भोंगा ऐकू येतो का म्हणून मान वाकडी करून उभा होता. दोन क्षण असतील, चार असतील. भोंगा नव्हता. कुणी हाकलायला आलं नव्हतं. पाणी आपलं आपण वाढत होतं, घोट्यावरून पोटरीवर, शांत, कुणाच्या हाताशिवाय. एकतीस वर्षांत असलं पाणी त्यानं बघितलं नव्हतं.

"आबा, घरी जायचं," समीक्षा म्हणाली. तिच्या आवाजानं तो भानावर आला.

मित्राला त्यानं खांद्यावर घेतलं. "मान धर. गळा न्हाई, मान." समीक्षाचं मनगट आवळलं आणि तो पाण्यात उतरला. पोहणं त्याच्या हाडात होतं, भरल्या गोदावरीत तो तरुणपणी या काठावरून त्या काठावर गेलेला होता. पण तेव्हा अंगावर लेकरं नव्हती. पट्टीच्या मधावर पाणी त्याच्या छातीला लागलं, म्हणजे समीक्षाच्या नाकाला. ती टाचा उंचावत होती, मग चवडेही टेकेनात. खडकानं त्याचा तळवा कापला, पाय मुडपला, आणि हातातलं मनगट सुटलं.

सुटलं म्हणजे सुटलं. हात रिकामा. दोन हातांच्या अंतरावर समीक्षाचे केस आणि पिवळा फ्रॉक, आणि तो फ्रॉक आडव्या पाण्याबरोबर जाऊन राहिलेला. खांद्यावर मित्रा, तिला सोडून झेप घ्यावी तर ती जाते. त्याला नंतर आठवलं ते एवढंच, की त्याला कुणाचंच नाव आठवत नव्हतं.

त्या फ्रॉकवर एक हात पडला. दिपालीचा. ती गळ्याइतक्या पाण्यात होती. तिची ओढणी मागं ताणलेली, ओढणीचं टोक अश्वजितच्या मुठीत, आणि कमरेइतक्या पाण्यात उभ्या अश्वजितचा सदरा शहाळंवाल्या म्हातारीनं दोन्ही हातांनी धरलेला. दोघांनाही पोहता येत नव्हतं. दिपालीनं लेकीला फ्रॉकसकट ओढलं, आणि ओढणीनं दोघींना ओढलं. व्यंकटी मित्राला घेऊन मागून आला तेव्हा त्याच्याकडं कुणी बघितलं नाही.

वाळूवर समीक्षानं खारं पाणी ओकलं, खोकली, मग रडायला लागली. रडली तेव्हा कुठं सगळ्यांनी श्वास घेतला. दिपाली तिला पोटाशी धरून बसली होती. अश्वजित बापाकडं बघत होता, जसं कुणी आपल्याच दाराला लागलेलं अनोळखी कुलूप बघावं.

"नऊपासून हाका मारून राहिले मी," दिपाली म्हणाली. ओरडून नाही. तिच्यात ओरडायचं बळ नव्हतं.

म्हातारी आपल्या हिंदीत तावातावानं बोलत बांबूकडं बोट करत होती. पाणी बांबूला लागलं की खडकावरची माणसं परत आलीच पाहिजेत, एवढं इथल्या लेकराला ठाऊक असतं. बांबू आता लाल चिंधीपर्यंत बुडाला होता. व्यंकटीनं तो बघितला. मग खाली बसला.

"एकतीस वर्सं लोकायची लेकरं काठावरून हाकलली," सरजाबाई म्हणाली, "अन् आपली नेऊन मधात बसवली."

तळव्यातून रक्त येत होतं, ते वाळू पीत होती. तो अश्वजितला हळूच म्हणाला, "कोण सोडतंय रे एवढं पाणी?"

"कुणी न्हाई, बाबा. ते येतंच."

"रोज?"

"रोज. दोनदा."

व्यंकटीनं मान हलवली. पटल्यासारखी नाही, घाबरल्यासारखी.

त्या दिवशी तो जेवला नाही. पाय बांधून खोलीच्या ओट्यावर बसला आणि नारळाच्या बुंध्याकडं बघत राहिला. दुपारी पाणी बुंध्याला आलं. संध्याकाळी गेलं. कुणाचा हुकूम नाही, कुणाची सही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिपाली लेकींची वेणी घालत असताना तो दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"बाई," तो म्हणाला, "तुझी वही काढ."

तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं. वही काढली. जेट्टीजवळचा किनारा तिनं मोठ्यानं वाचला: वाळू सपाट, सावली आहे, शिट्टीवाला माणूस चारपर्यंत. आजच्या पाण्याच्या वेळाही वाचल्या. व्यंकटीनं त्या दोनदा म्हणून घेतल्या, शाळेतल्या पोरासारख्या.

"तुमी येता का, मामा?" दिपालीनं विचारलं. "पाय दुखत असला तर ऱ्हाऊ द्या."

"नेशील का?"

त्याची चप्पल म्हातारीला वाळूत सापडली होती, एकच. दिपालीनं अश्वजितची जुनी जोडी त्याच्यापुढं सरकवली.

जेट्टीजवळ खरंच बाजार होता. ढोलासारखे फुगवलेले टायर, भेळ, चारी मुलखाची लेकरं. समीक्षा पाण्यात यायला तयार नव्हती, घोट्यापर्यंत आली आणि आईचा कुडता धरून थांबली. व्यंकटीनं तिला ये म्हटलं नाही. तो मित्राला घेऊन गुडघाभर पाण्यात उभा राहिला, समुद्राकडं पाठ करून. बाकी सगळे लोक समुद्र बघत होते. तो किनाऱ्यावरच्या दिपालीकडं बघत होता.

तिनं घड्याळ बघितलं आणि हात वर केला. शिट्टीवाला अजून खुर्चीत रेलून बसलेला होता, पाण्यात शंभर माणसं खेळत होती. व्यंकटी मित्राला छातीशी धरून निघाला तो कोरड्या वाळूपर्यंत थांबला नाही.