कोरियाचा बुडबुडा

गुनवोर हेडलुंडने तीस वर्षं स्वीडनमधल्या ओस्टरसुंडच्या शाळेत भूगोल शिकवला. तिच्या लेखी जगात दोनच प्रकारचे देश होते: देणारे आणि घेणारे. १९७४ साली तिने दक्षिण कोरियातल्या सोलहून दीड वर्षाची मुलगी दत्तक आणली, नाव ठेवलं युल्वा. युल्वाने ताट सरकवलं की गुनवोर म्हणे, "तिथं असतीस तर उपाशी मेली असतीस." आमच्या पिढीच्या कितीतरी आयांनी हे म्हटलं, तेही मायेने.

चाळिशीची युल्वा आता जन्मगाव बघायला निघाली होती. आईने सोबत यावं म्हणून हटून बसली होती.

"काय बघू तिथं? हाल?" गुनवोर म्हणे. मला, तिच्या मैत्रिणीला, मात्र एकदा हळूच म्हणाली, "सगळं बघून तिने विचारलं, मला का आणलंस, तर?"

दर गुरुवारी दुपारी आमचं अभ्यासमंडळ वाचनालयात जमतं. त्या दिवशी मंडळ चालवणाऱ्या तुर्केलने भिंतीवर हलता आलेख लावला. एक देश म्हणजे एक बुडबुडा. उजवीकडे सरकला की कमाई वाढली, वर चढला की आयुष्य.

"आपापला देश निवडा. गुनवोर, झोपलीस का?"

"कोरिया. दक्षिण."

"स्वीडन सोडून?" कोणीतरी हसलं.

वर्षं पळू लागली. पडदे ओढलेल्या त्या खोलीत रंगीत बुडबुडे पाण्यातून वर यावेत तसे तरंगत होते. कोरियाचा बुडबुडा युद्धात खाली बुडाला, मग वर आला. गर्दीतून वाट काढत, हलकेच, थेट स्वीडनला खांदा लावून उभा राहिला.

गुनवोर उठली. "मागे घे. चौऱ्याहत्तरला थांबव."

बुडबुडा तळाशी नव्हताच. मधोमध होता. तिने भिंतीवर हात ठेवला, तर तो तिच्या मनगटावर आला.

"हा तर निघाला होता," ती म्हणाली. "मी तिला आणायला गेले तेव्हाच निघाला होता."

कॉफी तशीच टाकून तिने बाहेर जाऊन फोन लावला. मी तिचा कोट घेऊन मागोमाग गेले.

"माझंही तिकीट काढ. आणि तिथं तुला जे विचारायचं असेल ते विचार. मी ऐकेन."

पलीकडून युल्वाचा आवाज मलाही ऐकू आला. "मम्मा, पाच वर्षं मी घसा फोडतेय, आणि तू बुडबुडा बघून तयार झालीस?"

"तू नुसती बोलत होतीस गं," गुनवोर म्हणाली. "तो चालून दाखवत होता."